घटस्फोट आणि कालहरण

बोरघाटांतून मुंबई-पुण्याची आगगाडी १८६३ सालीं सुरू झाली, तेव्हां खंडाळ्याच्या खालच्या अंगास एका अरुंद कड्यावर प्रत्येक गाडीस थांबावें लागे. तेथें इंजिन सोडीत, तें गाडीच्या दुसऱ्या टोंकास जोडीत, आणि मग आली त्याच्या उलट तोंडानें गाडी पुढची चढण चढूं लागे. उतारूंचा वेळ जाई, मुलें कंटाळत. पण डोंगर इतका उभा होता कीं हा थांबा घेतल्यावांचून गाडी लोणावळ्यास पोंचलीच नसती. पुढें नवे बोगदे झाले आणि ही उलटापालट बंद पडली. त्याच घाटांत थांबण्याचा दुसराही एक प्रकार आहे. पावसाळ्यांत दरड कोसळते, रूळ मातीखालीं जातात आणि गाडी कर्जतला नाहीं तर लोणावळ्याला तिष्ठत राहते. हें थांबणें कोणत्याही इंजिनियरानें नकाशांत आंखलेलें नसतें, आणि तें केव्हां संपेल हें स्टेशनमास्तरासही सांगतां येत नाहीं.

विवाहविच्छेदाच्या कज्ज्यांत होणारा विलंब असाच दोन जातींचा आहे. एक विलंब कायद्यानें समजून उमजून घातलेला असतो. रागाच्या भरांत संसार मोडूं नये, उभयतांस विचार करण्यास अवसर मिळावा, हा त्याचा हेतु. दुसरा विलंब कोणींच घातलेला नसतो. समन्स बजावलें गेलें नाहीं, वकील आले नाहींत, न्यायाधीशांची बदली झाली, अशा कारणांनीं तो सांचत जातो. लोक या दोहोंस एकाच नांवानें दूषण देतात आणि त्यामुळें उपायही भलत्याच ठिकाणीं शोधतात. आपल्या प्रांतांत हे दोन विलंब केव्हां आले, कोणी आणले आणि ते कमी करण्याचे यत्न कसकसे झाले, याचा इतिहास म्हणूनच पाहण्यासारखा आहे.

घटस्फोट ही साहेबाकडून आलेली चाल, अशी समजूत पांढरपेशा घरांत पुष्कळ दिवस रुजलेली होती. इतिहासास ती धरून नाहीं. अंदर मावळ, नाणें मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत काय किंवा देशावर इतरत्र काय, शेतकरी व कारागीर जातींत काडीमोड ही पूर्वापार चाललेली गोष्ट होती. काडी मोडावयाची, सोडचिठ्ठी लिहावयाची आणि स्त्रीनें वाटल्यास दुसऱ्याशीं पाट लावावयाचा. पेशवाईंत अशा पाटावर 'पाटदाम' नांवाचा कर घेत असत. सरकार ज्यावर कर घेतें ती गोष्ट चोरून होत नव्हती हें उघड आहे. एल्फिन्स्टनसाहेबाच्या हुकुमानें आर्थर स्टील यानें दक्षिणेंतील जातींच्या रूढींची चौकशी करून १८२७ सालीं जो ग्रंथ छापविला, त्यांतही सोडचिठ्ठीची आणि पाटाची सविस्तर नोंद आहे.

गोतापुढें अशा तंट्याचा निकाल लवकर लागण्याचें कारण साधें होतें. पंच त्याच खोऱ्यांतले, साक्षीदार शेजारचे, आणि वादी-प्रतिवादी कोठें राहतात हें शोधण्यास कोणी बेलीफ धाडावा लागत नसे. परंतु या वेगाचें कौतुक करतांना त्याची किंमतही पाहिली पाहिजे. लग्नाचा खर्च परत द्यावा लागे, गोताचें जेवण घालावें लागे, आणि नवऱ्यानें काडी मोडण्यास नकार दिला तर बाईचें पुष्कळदां कांहीं चालत नसे. ब्राह्मणादि वरच्या जातींत तर ही वाटच नव्हती. तेथील टाकलेल्या स्त्रीचा विलंब वर्षांनीं मोजावयाचा नसे. तो जन्माचाच असे.

इंग्रजी न्यायालयें आलीं आणि या व्यवस्थेस पहिला धक्का बसला. १८७६ सालीं मुंबईच्या हायकोर्टापुढें सरकार विरुद्ध शंभू रघू हा खटला आला. जातीच्या पंचांनीं परवानगी दिली म्हणून एका विवाहित स्त्रीनें पहिला नवरा जिवंत असतां दुसरा विवाह केला होता. विवाह रद्द ठरविण्याचा किंवा बाईस पुन्हां लग्न करण्याची मोकळीक देण्याचा जातीचा अधिकार न्यायालयें मानणार नाहींत, असा निकाल झाला, आणि जें गोतानें योग्य म्हटलें तें पीनल कोडाप्रमाणें गुन्हा ठरलें. एका परीनें हें न्याय्यच होतें. पंचांनीं एका पक्षाच्या पाठीमागें संसार मोडावा हें कोणीही मान्य करणार नाहीं. पण सरकारनें जुना दरवाजा लावून घेतला आणि त्याच्या जागीं नवा कांहीं बसविला नाहीं. हिंदूंस घटस्फोट देणारा कायदाच त्या वेळीं नव्हता. उभयतांच्या संमतीनें झालेली काडीमोड, रूढि सिद्ध झाल्यास, ग्राह्य धरण्यांत येऊं लागली खरी. परंतु रूढि सिद्ध करावयाची म्हणजे पुन्हां न्यायालयांतच जावयाचें. पंचांपुढें जें बोलून चालत होतें, त्यास आतां दप्तर आणि दाखले लागूं लागले.

या पोकळींत काय होई हें रखमाबाईंच्या प्रकरणावरून दिसतें. हा दावा घटस्फोटाचा नव्हता. पत्नीनें नांदावयास यावें म्हणून नवऱ्यानें लावलेला होता. त्यांचा विवाह अकराव्या वर्षीं झाला, पण त्या नवऱ्याच्या घरीं कधीं नांदल्या नाहींत. १८८४ सालीं दादाजी भिकाजी यांनीं मुंबईच्या हायकोर्टांत धांव घेतली. १८८५ च्या सप्टेंबरांत न्यायमूर्ति पिन्हे यांनीं दावा काढून टाकला. १८८६ सालीं अपिलांत तो निकाल फिरला आणि प्रकरण पुन्हां चालविण्यास खालीं आलें. ४ मार्च १८८७ रोजीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम दिला कीं रखमाबाईंनीं एका महिन्यांत नवऱ्याकडे जावें, नाहीं तर सहा महिने कैद भोगावी. त्यांनीं कैदेची तयारी दाखविली. पुण्यांत 'केसरी'नें दादाजींची बाजू उचलली, सुधारकांनीं रखमाबाईंची, आणि वर्तमानपत्रांची लढाई विलायतेपर्यंत गेली. अखेर १८८८ च्या जुलईंत दोन हजार रुपये घेऊन दादाजींनीं तडजोड केली. चार वर्षांच्या झगड्यानंतर रखमाबाईंस मोकळीक मिळाली. पण विवाह कायद्यानें तुटला नाहींच. त्या विलायतेंत जाऊन १८९४ सालीं डॉक्टर झाल्या आणि पुढें सुरतेस त्यांनीं मोठें काम केलें. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं ज्या सुतार जातींत त्या जन्मल्या तींत विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होती; त्यांच्या आईनेंच डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं दुसरा विवाह केलेला होता. आईला जें रूढीनें मिळालें त्याच्या तोडीचें कांहीं मुलीला कायद्याच्या पुस्तकांत सांपडलें नाहीं.

इतर धर्मीयांची वाट निराळी होती, पण तीही सरळ नव्हती. ख्रिस्ती विवाहांसाठीं १८६९ चा कायदा होता. त्याप्रमाणें जिल्हा न्यायाधीशानें विवाहविच्छेदाचा हुकूम दिला तरी हायकोर्टानें तो कायम केल्याशिवाय अमलांत येत नसे. पुण्याच्या न्यायालयांत जिंकलेल्या बाईस मुंबईच्या शिक्क्याची वाट पाहावी लागे, आणि ही अट २००१ सालीं एकदांची गेली. खंडाळा-लोणावळ्यास ज्यांचे जुने बंगले आहेत त्या पारशी समाजानें १८६५ पासून आपला स्वतंत्र कायदा मिळविला होता. त्यांच्या विवाह-न्यायालयांत न्यायाधीशाबरोबर समाजाचे प्रतिनिधि बसतात. तें न्यायालय वर्षांतून मोजक्याच वेळां भरतें, म्हणून तारीख चुकली कीं पुढच्या बैठकीपर्यंत थांबणें आलें.

हिंदूंसाठीं असें धाडस बडोद्यास झालें. सयाजीराव महाराजांनीं १९३१ सालीं आपल्या राज्यांत घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई इलाख्यांत तो १९४७ सालीं आला. त्यांत त्यागाच्या कारणावरून सुटका मागणाऱ्यास आधीं सलग चार वर्षें टाकलेलें असावें लागे. अखिल देशासाठीं हिंदु कोडाचें बिल डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं चालविलें. याच मावळांत तळेगांव दाभाडे येथें त्यांचा बंगला होता. हिंदूंतील बहुसंख्य जातींत काडीमोड पूर्वीपासून आहेच, कायदा ती फक्त उरलेल्यांस देत आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. ज्याला मावळच्या चालीरीती ठाऊक आहेत त्याला तें नवीन वाटणार नाहीं. बिल रखडलें आणि १९५१ च्या सप्टेंबरांत त्यांनीं मंत्रिपद सोडलें. कायदा व्हावयास १९५५ उजाडलें.

१९५५ च्या त्या कायद्यांत उलट-स्थानकें किती होतीं तें मोजून पाहावें. विवाहास तीन वर्षें झाल्यावांचून सामान्यतः अर्जच करतां येत नसे. छळ हें कारण घटस्फोटास पुरत नसे. त्यावर फक्त न्यायिक विभक्ततेचा हुकूम मिळे. तो मिळाल्यावर दोन वर्षें एकत्र न राहिल्यास दुसरा अर्ज करून घटस्फोट मागावयाचा. आणि तोही मिळाल्यावर पुन्हां लग्न करण्यापूर्वीं आणखी एक वर्ष थांबावयाचें. याचा अर्थ, छळाला कंटाळून आलेल्या बाईला दोन दावे जिंकावे लागत, आणि न्यायालयानें एक दिवसही उशीर केला नाहीं असें धरलें तरी तिचीं तीन वर्षें नुसत्या मुदतींत जात. जुन्या मताच्या सभासदांची समजूत पटविण्यासाठीं घातलेली ही किंमत होती असें म्हणावें लागतें. रूढीनें मिळणारी काडीमोड मात्र या कायद्यानें कलम २९ खालीं राखून ठेविली. अजूनही मुद्रांकित कागदावर सोडचिठ्ठी लिहून घेणारीं कुटुंबें आढळतात. ज्या जातींत अशी रूढि सिद्ध होत नाहीं तिच्यांत त्या कागदाची किंमत रद्दीहून अधिक नाहीं. आणि त्याच्या भरंवशावर दुसरें लग्न झालें तर पुढील पिढीच्या वारसाहक्कापर्यंत तंटा पोंचतो. लवकर सुटण्याच्या घाईनें ओढवून घेतलेला हा सर्वांत लांब विलंब होय.

पुस्तकांतल्या मुदती आणि न्यायालयांतली दरड एकत्र आल्या म्हणजे काय होतें, याचें उदाहरण पुण्याचेंच आहे. एका सुशिक्षित दांपत्याचा हा खटला कायद्याच्या प्रत्येक पुस्तकांत सांपडतो; त्यांचीं नांवें येथें उच्चारण्याचें कारण नाहीं. १९६२ च्या फेब्रुवारींत पतीनें पुण्याच्या दिवाणी न्यायालयांत अर्ज केला. तेथें छळाच्या कारणावरून विभक्ततेचा हुकूम झाला. जिल्हा न्यायालयानें तो फिरविला. हायकोर्टानें १९६९ सालीं पतीचें अपील फेटाळलें. सुप्रीम कोर्टाचा निकाल १९ मार्च १९७५ रोजीं झाला, आणि तो पुण्यांतच जन्मलेले न्यायमूर्ति यशवंत विष्णु चंद्रचूड यांनीं लिहिला. छळ झाला हें खरें, पण त्यानंतर पतीनें सहवास चालू ठेवून तो क्षमा केला, सबब हुकूम मिळणार नाहीं, असा तो निकाल. तेरा वर्षें चार न्यायालयें चढून उभयतां जेथें होतीं तेथेंच राहिलीं. या निकालानें एक मोठें काम मात्र केलें. तोंवर अशा दाव्यांत फौजदारी खटल्याप्रमाणें निःसंशय पुरावा मागण्याची प्रवृत्ति होती. घराच्या चार भिंतींत घडलेल्या गोष्टीचा असा पुरावा आणावयाचा कोठून? साक्षीदारांची रांग लागे आणि तारखा वाढत. चंद्रचूडांनीं सांगितलें कीं संभाव्यतेचें पारडें कोणीकडे झुकतें एवढें पाहणें पुरे. विलंबावरचे कित्येक उपाय पार्लमेंटांत झाले, पण हा एक न्यायासनावरून झाला.

पुढल्याच वर्षीं, १९७६ सालीं, कायदा बदलला. छळ आणि त्याग हीं घटस्फोटाचीं थेट कारणें झालीं. दोन दाव्यांचा फेरा चुकला. तीन वर्षांची अट एकावर आली, दोन वर्षांचीही एकावर आली, आणि हुकुमानंतरचें वर्ष तर काढूनच टाकलें. परस्पर संमतीनें घटस्फोट प्रथमच मिळूं लागला. एक वर्ष वेगळें राहिलेल्या पतिपत्नींनीं मिळून अर्ज करावा आणि सहा महिन्यांनीं पुन्हां येऊन तोच निश्चय सांगावा. शिवाय कलम २१ ब अन्वयें असेंही लिहिलें गेलें कीं अर्जाची नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत निकाल देण्याचा यत्न व्हावा, आणि अपील तीन महिन्यांत संपवावें. मुदती कमी करणें पार्लमेंटाच्या हातीं होतें, तें झालें. दरड उपसणें मात्र लेखणीच्या एका फटकाऱ्यानें होत नाहीं. ज्यानें न्यायालयाचा व्हरांडा पाहिला आहे त्याला त्या सहा महिन्यांचें काय झालें हें सांगावयास नको.

कौटुंबिक न्यायालयांची कल्पना दुर्गाबाई देशमुख यांनीं फार आधीं मांडली होती. १९८४ सालीं तसा कायदा झाला आणि १९८९ सालीं मुंबई-पुण्यांत तीं न्यायालयें उघडलीं. तेथें समुपदेशक असतात, आणि वकील देणें हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाहीं. दहा लाखांवर वस्तीच्या शहरासाठीं असें न्यायालय स्थापणें सरकारवर बंधनकारक आहे. मावळासारख्या तालुक्यांतील माणसास मात्र दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. लोणावळ्याची बाई सकाळची लोकल पकडून मळवली, कामशेत, कान्हे मागें टाकीत वडगांवास उतरते. ज्या वडगांवीं १७७९ च्या जानेवारींत इंग्रजी फौजेनें मराठ्यांपुढें हात टेकले, तेथेंच आज तारखांची ही लढाई चालते. एक सोय तिला २००३ सालीं मिळाली. विवाह कोठेंही झाला असो, नवरा कोठेंही राहो, पत्नी जेथें राहते तेथील न्यायालयांत ती अर्ज करूं शकते.

पहिली दरड नोटिशीची. बेलीफ जातो, घरास कुलूप असतें, आणि तारीख पडते. यावर दिवाणी संहितेंतच उपाय आहेत. दारावर नोटीस चिकटविणें, वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करणें हे जुने. अर्जदारानें परवानगी घेऊन समन्स स्वतः नेऊन बजावणें हा २००२ पासूनचा. प्रतिवादीचा घरचा, नोकरीचा, गांवाकडचा असे सर्व पत्ते पहिल्याच दिवशीं दिले तर पुष्कळ महिने वांचतात. कैफियत नव्वद दिवसांच्या आंत यावी आणि एका पक्षास तीनांहून अधिक तहकुब्या मिळूं नयेत असें संहिता म्हणते. तिसऱ्या तहकुबीनंतर हरकत नोंदवावी लागते. न बोलणाऱ्याची हरकत कोणी नोंदवीत नाहीं.

दुसरी दरड पोटगीची, आणि तीच सर्वांत दुःखद. कज्जा लांबला म्हणजे ज्याच्या हातीं पैसा आहे त्याचें फारसें बिघडत नाहीं. दुसऱ्याचें घर बसतें. अंतरिम पोटगीचा अर्ज साठ दिवसांत निकालांत काढण्याचा यत्न करावा असें २००१ पासून कायद्यांत आहे. तरीही नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयांत २०१३ सालीं पोटगीसाठीं गेलेल्या एका स्त्रीचें प्रकरण सुप्रीम कोर्टांत २०२० सालीं निकालास आलें. तेव्हां त्या न्यायालयानें साऱ्या देशास नियम घालून दिला कीं उभयपक्षांनीं आपल्या उत्पन्नाचें आणि मालमत्तेचें प्रतिज्ञापत्र आरंभींच दाखल करावें. उत्पन्न लपविण्यांत जीं वर्षें जात, तीं यानें कमी व्हावींत असा हेतु आहे. ४ नोव्हेंबर २०२० नंतरच्या अर्जांत तें प्रतिज्ञापत्र मागून घेणें हें अर्जदाराच्या हिताचें आहे.

राहिलें परस्पर संमतीचें उलट-स्थानक. तेथील सहा महिन्यांविषयीं १२ सप्टेंबर २०१७ रोजीं सुप्रीम कोर्टानें सांगितलें कीं ही मुदत सर्व प्रकरणांत अटळ नव्हे. उभयतां कायद्यानें सांगितल्याहून अधिक काळ आधींच वेगळीं राहिलीं असतील, समेटाचे यत्न संपले असतील, पोटगी आणि मुलांचा ताबा यांचा निर्णय झाला असेल, आणि थांबण्यानें केवळ क्लेशच वाढणार असतील, तर न्यायालयानें ती माफ करावी. त्या प्रकरणांतील पतिपत्नी २००८ पासून वेगळीं राहत होतीं. त्यांस आणखी सहा महिने विचार करावयास सांगणें म्हणजे घाट चढून लोणावळ्यास आलेल्या गाडीस पुन्हां खालच्या कड्यावर नेऊन उभें करण्यासारखें होतें. ज्यांचें पटत नाहीं एवढेंच निश्चित आहे, पण पैशाचें आणि मुलांचें ठरलेलें नाहीं, त्यांस ही माफी मिळत नाहीं, मिळूंही नये.

एक पक्ष सोडावयास तयार नसला तर काय, हा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. पुन्हां न सांधणारा विवाह हें स्वतंत्र कारण मानावें अशी शिफारस विधि आयोगानें १९७८ सालीं केली. तसें बिल २०१३ सालीं राज्यसभेनें संमत केलें, पण लोकसभा विसर्जित झाली आणि तें लोपलें. १ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें ठरविलें कीं घटनेच्या १४२ व्या कलमाखालीं सुप्रीम कोर्ट स्वतः असा घटस्फोट देऊं शकतें. तो अधिकार दिल्लीच्या त्या एकाच न्यायासनाचा आहे. वडगांवच्या न्यायाधीशांपुढें तो निकाल वाचून दाखविला तरी त्यांस कायद्यांत लिहिलेलें एखादें कारण सिद्ध झालेलेंच पाहावें लागतें.

शेवटीं हुकूम हातीं येतो, तेव्हां पुष्कळ लोक त्याच आठवड्यांत नव्या विवाहाची बोलणी करूं लागतात. अपिलाची मुदत पूर्वीं तीस दिवस होती. २००३ सालीं ती वाढवून नव्वद केली, कारण तीस दिवसांत निकालाची नक्कल मिळवून हायकोर्ट गांठणें दूरच्या लोकांस जमत नसे. ते नव्वद दिवस सरेपर्यंत, आणि अपील झालेंच तर त्याचा निकाल होईपर्यंत, दुसरें लग्न करतां येत नाहीं.